सगळ्याला चालेल अशी एक रायफल

दादाने मला आयुष्यात पहिल्यांदा सल्ला विचारला, तो बंदुकीचा. त्याआधी माझं लग्न कुठल्या हॉलमध्ये लावायचं इथपासून आईला शेवटी कुठल्या दवाखान्यात न्यायचं इथपर्यंत सगळं त्याने एकट्याने ठरवलं होतं आणि मला फोनवर कळवलं होतं. त्या दिवशी भरदुपारी तो माझ्या करंजाड्याच्या घरी आला, सोफ्यावर ऐसपैस बसला, साडीचा खोका टीपॉयवर ठेवला आणि मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. पडद्यावर एकाखाली एक अशा पाच रायफली होत्या.

"बाय, सांग. यातली कोनची घेऊ?"

"कशाला?"

"शिकारीला. रायफल आनखीन कशाला घेतात?"

मी पाणी आणायला आत गेले ती मुद्दाम, कारण तोंडावर आलेलं बोलले असते तर तो पाणी न पिताच उठला असता. दादा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. आमची शेतं विमानतळात गेली आणि तो जमीनदार झाला. जमीन होती तेव्हा त्याला कोणी जमीनदार म्हणत नव्हतं. आता गळ्यात जाड साखळी, दाराशी पांढरी गाडी, बिल्डर लोकांत ऊठबस. आणि मी कॉलेजात एनसीसीमध्ये रायफल हातात घेतली ती खाली ठेवलीच नाही. राज्यासाठी खेळले, गेली वीस वर्षं मुलामुलींना नेमबाजी शिकवते. खेळाडू म्हणून माझ्या नावावर लायसनची एक बोल्टची रायफल आहे. एवढ्या वर्षांत मी कागदाशिवाय कशालाही गोळी घातलेली नाही. दादा माझी एकही स्पर्धा बघायला आला नाही. पहिलं पदक घरी आणलं तेव्हा त्याने ते उलटसुलट करून पाहिलं आणि "कप नाय भेटला?" असं विचारलं. तीस वर्षं झाली त्याला. मी ते विसरलेले नाही आणि विसरायचा विचारही नाही.

पाणी पिऊन त्याने सविस्तर सांगितलं. त्याचे दोन बिल्डर मित्र पुढच्या वर्षी आफ्रिकेत शिकारीला जाणार होते. तिकडे म्हणे रीतसर परवाना काढून मोठमोठी जनावरं मारता येतात. दादालाही जायचं होतं, आणि तेही भाड्याच्या रायफलीने नाही. शिवाय डोंगराखाली आमची दोन एकर भातशेती उरली आहे, तिथे रानडुकरं उतरतात, त्यांनाही तीच चालली पाहिजे. शिवाय दसऱ्याला पूजेत मांडली की गावाचे डोळे दिपले पाहिजेत.

"एकच घ्यायची," तो म्हणाला, "पन सगळ्याला चालंल आशी."

हा प्रश्न काही एकट्या दादाचा नाही. रायफलीचं वेड लागलेला प्रत्येक माणूस कधी ना कधी तो विचारतो, आणि खरं सांगायचं तर प्रश्न वाईट नाही. आमच्या शेतातलं डुक्कर कुठे आणि घोड्याएवढं आफ्रिकन हरीण कुठे. गोळी हलकी घेतली तर मोठं जनावर जखमी होऊन पळतं आणि आडोशाला जाऊन दिवसचे दिवस तडफडतं. भारी घेतली तर खांद्याला असा धक्का बसतो की पुढच्या खेपेला माणूस चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतो, आणि डोळे मिटून मारलेली गोळी कुठेही जाते. मधलं काहीतरी निवडावं लागतं, आणि आपल्या हाताच्या लांबीला खांद्याशी टेकायचा लाकडी दस्ता बेतावा लागतो. बोल्टची घ्यावी, हे तर मीही सांगेन. बोल्टच्या रायफलीत एक गोळी सुटली की दुसरी आपोआप येत नाही. हात चापावरून काढायचा, बाजूचा बोल्टचा दांडा उचलायचा, मागे ओढायचा, पुढे ढकलायचा, खाली पाडायचा. एवढ्या वेळात माणसाला दिसतं की आपण काय केलं. मला ती आवडते ती एवढ्यासाठीच.

दादाला यातलं काही ऐकायचं नव्हतं. त्याच्या यादीत पहिली होती ती अमेरिकन व्हिडिओवाल्यांची लाडकी. मी म्हटलं, ही लष्करी मापाची गोळी, साध्या माणसाला हिचं लायसन मिळत नाही.

"वळखी हायत आपल्या."

"ओळखीने पाण्याचं कनेक्शन मिळतं दादा. हे नाही."

दुसरी इतकी जड होती की ती घेऊन डोंगर चढताना त्याला चार ठिकाणी बसावं लागलं असतं. तिसरीवरची दुर्बीण एवढी मोठी की तिने चंद्रावरचे खड्डे बघावेत. आमच्या शेतात शंभर पावलांपुढे करवंदीच्या जाळ्यांशिवाय काही दिसत नाही. चौथी आणि पाचवी इकडे मिळायचीच मारामार. पाचही मी एकेक करून खोडल्या, आणि खोडताना मला भारी मजा आली हे कबूल करते.

"मंग तूच सांग ना!" तो चिडला.

"आधी मला तीन गोष्टी सांग. जनावर कुठलं, किती लांबून मारणार, आणि त्याच्या मागे काय आहे?"

"मागं काय आसनार? रान."

"तुझ्या शेताच्या मागे कातकरीवाडी आहे. वाडीच्या मागे नवा रस्ता. रस्त्यामागे वीस-वीस मजले, त्यातल्या दोन इमारती तुझ्याच मित्रांच्या. बाबांच्या बंदुकीचे छर्रे शंभर पावलांवर दमायचे. ही गोळी नेम चुकला तर किलोमीटर दोन किलोमीटर सहज जाते. आणि शिकारीला आपल्याकडे बंदी आहे, हे कोणी बोललं नाही का तुला? डुकरालासुद्धा वनखात्याची लेखी परवानगी लागते."

"त्ये मी बगतो. तू हितं सही कर."

त्याने खोक्यातून साडी बाहेर काढली आणि तिच्या घडीखालून एक कागद काढून माझ्यापुढे सरकवला.

बाबा गेल्या वर्षी गेले. त्यांची एकनळी बंदूक, पिकाच्या राखणीसाठी लायसन मिळालेली, पोलीस ठाण्यात जमा झाली. ते लायसन दादाला वारस म्हणून स्वतःच्या नावावर हवं होतं, आणि एकदा ते झालं की त्यावर रायफल. वारस आम्ही दोघंच. अर्ज त्याने दिलाच होता. चौकशीत पोलीस माझा जबाब घेणार, आणि त्यासोबत हवं माझं ना हरकतीचं प्रतिज्ञापत्र.

आमच्या भागात बहिणीची सही घ्यायची रीत ठरलेली आहे. जमिनींना भाव आला तेव्हा गावोगावच्या बहिणी नव्या साड्या नेसून पनवेलला निबंधकाच्या कचेरीत रांगेने बसायच्या आणि हक्कसोडपत्रावर सह्या करायच्या. मीही केली. कोणी माझा हात धरला नव्हता. नको म्हटलं तर लोक हावरट म्हणतील, एवढीच भीती होती. सही झाल्यावर दादाने सगळ्यांसमोर डोळे पुसले आणि "माहेर तुजंच हाय बाय" म्हणाला, आणि नंतर हॉटेलात सुरमईचं ताट. मी पदवीधर, राज्याची खेळाडू, आणि त्या दिवशी मी कागद वाचलाही नव्हता. आजही तो दिवस आठवला की स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

या वेळी मात्र मी कागद वाचला. तिसऱ्या कलमात लिहिलं होतं की अर्जदाराच्या हातून यापूर्वी शस्त्राचा कधीही गैरवापर झालेला नाही व त्यामुळे कोणासही इजा झालेली नाही, हे मी माझ्या माहितीप्रमाणे शपथेवर सांगते.

मी कागद पालथा ठेवला. खरं तर तेव्हाच सांगायला हवं होतं की ही सही मिळणार नाही. पण मी म्हटलं, "आधी रायफल तर ठरू दे." मी जगाला ताठ मानेने नेम धरायला शिकवते आणि दादासमोर अशी वेळ मारून नेते.

त्याला ते होकारासारखं वाटलं. शनिवारी तो मला गाडीत घालून मुंबईला बंदुकीच्या दुकानात घेऊन गेला. दुकान जुनं, दुकानदार त्याहून जुना. त्याने दादाकडे बघून विचारलं, "काय मारायचं साहेब?" दादाने आफ्रिका, डुक्कर, दसरा असं सगळं एका दमात सांगितलं. म्हाताऱ्याने मान हलवली आणि कपाटातून दोन रायफली काढून काचेवर ठेवल्या. एक आपल्याकडची, तीनशे पंधरा बोअरची, साधी आणि दणकट. दुसरी जुनी विलायती, अक्रोडाच्या दस्त्याची, तीस-शून्य-सहा मापाच्या गोळीची. सगळ्याला चालेल अशी मधली गोळी हीच. मनातल्या मनात मी तिथेच निवड करून टाकली होती. विलायती रायफल खरोखर सुंदर होती.

मी ती उचलली, नळी छताकडे केली, बोल्ट उघडला, आत करंगळी घालून रिकामी असल्याची खात्री केली आणि मग खांद्याला लावली. त्यानंतर दुकानदार दादाशी बोलायचाच बंद झाला. बोल्टचा खटका कसा आहे, दस्ता कितीने कापावा, धक्का सोसेल का, सगळं मला विचारायला लागला. दादाच्या मानेवरची शीर फुगलेली मला दिसत होती.

"आन इकडं," म्हणून त्याने रायफल माझ्या हातातून ओढून घेतली. बोट सरळ चापावर. एक डोळा मिटून त्याने ती दारापासून कपाटापर्यंत अशी फिरवली. वाटेत दुकानदार आला, चहा घेऊन आलेला माणूस आला, आणि नळी सावकाश माझ्या पोटावरून गेली.

"दादा, नळी वर कर."

"रिकामी हाय ना!"

"नळी वर कर म्हणते ना मी!"

माझा आवाज नेमबाजीच्या रेंजवर निघतो तसा निघाला होता. म्हाताऱ्याने दादाच्या हातातून रायफल घेतली, कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि म्हणाला, "लायसन आलं की या साहेब." त्याने तोंडावर सांगितलं नाही, पण लायसन येऊ नये असं त्याला वाटत होतं, हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. दादाला ते वाचता आलं नाही.

परत येताना समुद्रावरच्या लांब पुलावर तो खुशीत होता. विलायती ठरली होती. मी खांद्याला लावली म्हणजे मीच निवडून दिली, असं तो मित्राला फोनवर सांगत होता, आणि माझ्या विद्येचा त्याला आयुष्यात प्रथमच अभिमान वाटत होता. मग त्याने बेत सांगितला. आफ्रिकेला जायच्या आधी हात बसला पाहिजे. भात पिकलं की डुकरं उतरतात. मित्रांना बोलवायचं, सकाळी रान उठवायचं.

"हाका घालायला वाडीवरची पोरं हायत," तो म्हणाला. "म्हाताऱ्याला म्होरं घालू. त्याला रान म्हाईत हाय."

"कोण म्हातारा?" मला माहीत होतं, तरी विचारलं.

"लंगड्या गो. आपल्या जाग्यात राहतो तो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याला गाडी थांबव म्हटलं. पुलावर थांबवता येत नाही म्हणाला, आणि ते खरंच होतं. त्यामुळे उरलेला सगळा समुद्र मी त्याच्या शेजारी दातओठ खात बसून काढला.

त्याला लंगडं केलं होतं ते दादानेच.

मी एकोणीस वर्षांची होते. आश्विनातली सकाळ, भात पिवळं पडलेलं, डुकरांनी एक आख्खा तुकडा लोळवलेला. बाबांनी हाका घालायचं ठरवलं. हाका म्हणजे माणसांनी डबे बडवत, ओरडत एका बाजूने रानात शिरायचं आणि जनावराला दुसऱ्या बाजूला बंदुकीपुढे काढायचं. हाकेकऱ्यांच्या पुढे होता वाडीवरचा एक कातकरी, तेव्हा तिशी उलटलेला. त्याच्याइतकं ते रान कोणालाच कळत नव्हतं. बाबांचा तो जोडीदार होता, आणि तरीही आम्ही पोरंटोरं त्याला एकेरी नावाने हाक मारायचो. आता मी त्याला मामा म्हणते. म्हणायला फार उशीर केला.

आमच्या घरची रीत अशी की हंगामातला पहिला बार घरच्या मुलाने काढायचा. बाबांनी त्या दिवशी ती मोडली. मी नुकतंच कॉलेजकडून पदक आणलं होतं. बांधावर बसल्यावर त्यांनी बंदूक माझ्या मांडीवर ठेवली आणि शेजारच्या माणसांना ऐकू जाईल असं म्हणाले, "नेम हिचा हाय." आत वाटाण्याएवढ्या छर्‍यांचं काडतूस. गावची चार माणसं मागे बसली होती. त्यांची कुजबुज मला ऐकू येत होती.

डबे वाजायला लागले, जवळ आले. समोरची करवंदीची जाळी हलली. मी घोडा चढवला, नेम धरला आणि थांबले. पानं हलत होती, पण त्यांच्यामागे काय आहे ते दिसत नव्हतं. न दिसणाऱ्या वस्तूवर बार काढायचा नाही, हे मला कॉलेजातल्या सरांच्याही आधी बाबांनी शिकवलं होतं.

"मार ना!" दादा माझ्या कानाशी. "आगो मार! दे इकडं."

मागचं कोणीतरी हसलं. "पोरीचा हात थरथरला वाटतं," असं म्हणालं. माझा हात अजिबात थरथरला नव्हता. मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी मागे पाहिलं, मग माझ्याकडे.

"दे त्याला," ते म्हणाले.

मी दिली. घोडा चढवलेली, तशीच्या तशी दिली.

बार झाला आणि एक डबा वाजायचा बंद झाला. जाळीतून डुक्कर आलं नाही. तो आला, डबा हातातच होता. दोन पावलं चालला आणि आपण उगाच दमलो असल्यासारखा खाली बसला. तीन छर्रे मांडीत, एक गुडघ्यात.

नंतरचं सगळं बाबांनी निस्तरलं. ओळखीच्या डॉक्टरकडे नेलं, तारेच्या कुंपणावर पडला असं सांगितलं. गुडघ्यातला निघाला नाही. तो बरा होऊन वाडीवर परतला तेव्हा बाबांनी त्याला आमच्या जागेत घर बांधायला दिलं. कागद काही केला नाही, नुसता शब्द. सगळा गाव बाबांच्या मोठेपणाबद्दल बोलत होता, आणि आमच्या घरातही आम्ही तेच बोलायचो. खरं काय झालं ते कोणीच तोंडातून काढलं नाही. मीही मूग गिळून बसले, आणि दादावर मनातल्या मनात जळत राहिले. बोलण्यापेक्षा ते सोपं होतं.

मुंबईहून आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाडीवर गेले. मामा ओटीवर बसून खेकड्याचं फाटलेलं जाळं विणत होता. पाय पुढे पसरलेला, तो वाकत नाही. त्याचे दोन मुलगे इमारतींच्या कामावर गेले होते. ते काम दादाच्या मित्रांकडचं. मी रायफलीचं सांगितलं, हाक्याचं सांगितलं. तो विणत होता. मग मी म्हटलं, "मामा, पोलीस माझा जबाब घेणार आहेत. तेव्हा काय झालं होतं ते सांगायचं आहे मला. तुझी हरकत नाही ना?"

"तवा का नाय बोललीस?"

"लहान होते रे."

"एकोनीस म्हंजे ल्हान?" त्याने वर पाहिलं. "माजी बायको एकोनिसाव्या वर्साला दोन पोरांची आय व्हती."

कोंबड्या अंगणात फिरत होत्या.

"मी नाय सांगनार," तो म्हणाला. "इचारलं तर तारंवर पडलो म्हनून सांगीन. माजं घर त्याच्या जाग्यात हाय, पोरं त्याच्या वळखीनं कामाला हायत. तू सांग. तुला कोन उठवनार हाय?"

"आणि दादाने बोलावलं तर हाक्याला जाशील?"

"नाय बोललो तर कुठं जाऊ? जावंच लागंल." त्याने दाताने दोरा तोडला. "पन माजं नाव नको घालूस."

मी परवानगी मागायला गेले होते, असं मी स्वतःला सांगितलं होतं. ते खोटं. तो "नको बाय, जुनं उकरू नको" म्हणेल, आणि मग मला त्याच्या भल्यासाठी गप्प बसता येईल, या आशेने मी गेले होते. त्याने ती वाट ठेवली नाही. घरी येईपर्यंत मला त्याचाही राग आला होता. असा मेला स्वभाव माझा.

चार दिवसांनी ठाण्यातून फोन आला. लायसनच्या अर्जाची चौकशी, वारस म्हणून जबाबाला या.

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते, म्हणजे उगाच हुरहुर नको. दादाला लायसन मिळालं नाही. माझ्या जबाबामुळे माझीही चौकशी लागली आणि माझी रायफल जमा करून घेतली. रेंजवरच्या लोकांनी चौकशी संपेपर्यंत 'विश्रांती घ्या' म्हणून सुचवलं, मुलांना आता दुसरं कोणी शिकवतं. दादाने फोनवर पंधरा मिनिटं शिव्या दिल्या, आणि शेवटी "मला बहीन नाय" म्हणून फोन आपटला. भाऊबीज झाली नाही. मी त्याला एकच निरोप पाठवला की वाडीवरच्या त्या घराला हात लावलास तर मी नावही सांगेन आणि जागाही दाखवेन. घर अजून उभं आहे. भात पिकलं, कापूनही झालं, आणि मामाला कोणी हाक्याला बोलावलं नाही. त्याच्या मुलांचं काम मात्र सुटलं. मोठा तळोज्याला एका कारखान्यात लागला आहे, धाकटा अजून शोधतोय. मामा माझ्याशी पूर्वीइतकंच बोलतो, म्हणजे फार थोडं.

पण मला सांगायचं आहे ते ठाण्यातल्या टेबलाजवळचं.

जबाब घेणारा अधिकारी माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या वयाचा होता, सभ्य होता. मी सांगत गेले, तो संगणकावर लिहीत गेला. जखमी माणसाचं नाव मी देणार नाही म्हटल्यावर त्याने भुवया उंचावल्या, पण पुढे गेला. मला सगळं पाठ होतं. तीस वर्षं मी ते दादाच्या विरुद्ध मनात घोकलं होतं. जाळी, पानं, दादाचा उतावळेपणा, बार.

"बंदूक त्यांच्या हातात कशी आली?" त्याने विचारलं.

"मी दिली."

"भरलेली?"

"हो."

"समोर माणसं आहेत हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग का दिलीत? कोणी सांगितलं?"

हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारलाच नव्हता. तोवर माझ्या मनातल्या गोष्टीत दादाने बंदूक हिसकावून घेतली होती. इतकी वर्षं ती तशीच चालत आली होती, आणि ती तशी होती तोवर बाबा स्वच्छ होते. मला श्वास रोखायला शिकवणारे बाबा. चार माणसांसमोर मुलीच्या मांडीवर बंदूक ठेवणारे बाबा. दादा मूर्ख होता, त्याला काहीच दिसत नव्हतं. बाबांना सगळं दिसत होतं. त्या जाळीकडे माणूस त्यांनीच पाठवला होता. मी का थांबले आहे, हे त्या बांधावर फक्त त्यांना कळत होतं, कारण थांबायला त्यांनीच शिकवलं होतं. आणि मागे कोणीतरी हसलं म्हणून ते म्हणाले होते, दे त्याला.

"वडिलांनी सांगितलं," मी म्हटलं.

अधिकाऱ्याचे हात कळफलकावर थांबले. त्याने माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा कसा झाला असेल कोण जाणे, पण तो हलक्या आवाजात म्हणाला, "मॅडम, ते आता हयात नाहीत. हे वाक्य नाही घातलं तरी चालेल. अर्ज तुमच्या भावाचा आहे."

किती सोयीचं होतं ते. घरी भिंतीवर हार घातलेला फोटो तसाच राहिला असता, आणि दोष सगळा दादाच्या नावावर, जिथे तो मी इतकी वर्षं ठेवला होता.

"घाला," मी म्हटलं.

त्याने घातलं. मग नियमाप्रमाणे सगळा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. पोलिसी मराठीत, एका सुरात. वडिलांनी सांगितले, दे त्याला, आणि मी ती भरलेली बंदूक दिली. "बरोबर आहे?" त्याने विचारलं. बरोबर आहे म्हटलं, आणि सही केली.